नेटवर्कवरची घड्याळं मिळवायची कशी: एनटीपी, पीटीपी की जीपीएस?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला मध्यम आकाराचा कारखाना. एका डोमेनमध्ये, म्हणजे एकाच लॉगिन व्यवस्थेत, चाळीसेक विंडोज कॉम्प्युटर, दोन लिनक्स सर्व्हर आणि त्यांवर काही व्हर्च्युअल मशीन, ३२ कॅमेरे व त्यांचं चित्रण साठवणारा एक एनव्हीआर, गेटवर पंचिंग मशीन, शॉपफ्लोअरवर यंत्रं चालवणारे सहा पीएलसी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारं स्काडा. लाइन ट्रिप झाली की पीएलसीची नोंद एक वेळ सांगते, सर्व्हरचा लॉग दुसरी आणि कॅमेरा तिसरी. आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच ठरत नाही. पुरवठादार म्हणतो, एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं मिळवण्याची नेहमीची पद्धत) जुनं झालं, पीटीपी या अधिक बारीक पद्धतीचा ग्रँडमास्टर, म्हणजे सगळ्यांना वेळ देणारं मुख्य घड्याळ, घ्या. काय करावं?

ग्रँडमास्टर आत्ता घेऊ नका. तुमची अडचण एनटीपी अपुरं पडतंय ही नाही. ते नीट लावलेलंच नाही. पीटीपी म्हणजे एनटीपीची सुधारलेली आवृत्ती, असं अनेकांना वाटतं आणि तिथेच पैसे वाया जातात. एनटीपी हा दोन मशीनमधला व्यवहार आहे, मधलं नेटवर्क कसंही असलं तरी चालतं. पीटीपीत मात्र मधला प्रत्येक स्विच त्या व्यवहाराचा भागीदार असावा लागतो. स्विच तेच ठेवून नुसता ग्रँडमास्टर बसवला तर हाती फारसं काही लागत नाही.

आधी कागदावर लिहून काढा, कोणत्या कामाला किती चूक चालेल. पंचिंग मशीनला दोन-चार सेकंद इकडेतिकडे चालतात. कॅमेऱ्याला अर्धा-एक सेकंद पुरे. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची असते, त्याहून बारीक मिळवून उपयोग नाही. डोमेन लॉगिनमागच्या केर्बेरॉसला पाच मिनिटांपर्यंत फरक चालतो, त्यापलीकडे लॉगिनच होत नाही. मोबाइलवरचा सहा आकडी ओटीपी ३० सेकंदांच्या टप्प्यांवर चालतो. सर्व्हरचे लॉग एकमेकांशी लावून पाहायचे तर ५-१० मिलिसेकंद हवेत. पीएलसीच्या घटनाक्रमाला १ मिलिसेकंद. एकाच तालात फिरणाऱ्या सर्व्हो मोटर्सना मायक्रोसेकंदाच्याही आत लागतं, पण तिथे इथरकॅटसारखी बस, म्हणजे मोटर्सना जोडणारी वेगळी संदेशवाहिनी, आपली घड्याळं स्वतःच मिळवते. कारखान्याच्या टाइम सर्व्हरचा त्याच्याशी संबंध नाही. तुमच्या यादीतलं सगळ्यात कडक काम १ मिलिसेकंदाचं आहे, आणि लॅनच्या, म्हणजे कारखान्यातल्या नेटवर्कच्या, आत नीट लावलेलं एनटीपी त्याच्या आत आरामात राहतं.

घड्याळं मुळात इतकी का भरकटतात, हे नागपुरात बसून समजून घेण्यासारखं आहे. कॅमेरा, पंचिंग मशीन आणि मदरबोर्डवरचं बॅटरीवालं घड्याळ बहुतेक वेळा ३२,७६८ हर्ट्झच्या छोट्या क्रिस्टलवर चालतं. हे क्रिस्टल साधारण २५ अंशांना सर्वांत जलद असतं. तापमान वर जावो की खाली, ते मागेच पडतं. किती, तर २५ पासूनच्या अंतराचा वर्ग गुणिले सुमारे ०.०३४ पीपीएम, म्हणजे दहा लाखांतले भाग. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनलमध्ये ६० सहज होतात. अंतर ३५, वर्ग १,२२५, म्हणजे जवळपास ४२ पीपीएम. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद, तेव्हा ते घड्याळ दिवसाला साडेतीन सेकंदांहून जास्त मागे पडणार. एसीत २४ अंशांवर ठेवलेल्या सर्व्हरची गोष्टच वेगळी. नवतप्याच्या नऊ दिवसांत या दोघांत अर्ध्या मिनिटाचं अंतर पडतं, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. त्यावर क्रिस्टलच्या बनावटीतला फरक वेगळा, तो १०-२० पीपीएम असणं सामान्य आहे. हिवाळ्यात पहाटे १० अंश झाले तरी घड्याळ मागेच पडतं, फक्त कमी. म्हणून ‘एकदा हाताने बरोबर लावून दिलं’ याला अर्थ नाही, परत परत मिळवावंच लागतं.

आता एनटीपी वेळ मिळवतं कसं ते एकदा आकड्यांत पाहा, कारण पुढची सगळी तुलना यावर उभी आहे. क्लायंट प्रश्न पाठवतो तेव्हा त्याच्या घड्याळात ० मिलिसेकंद आहेत समजा. सर्व्हरला तो पोचला तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात १२०. सर्व्हरने उत्तर सोडलं १२१ ला. क्लायंटला ते मिळालं तेव्हा त्याच्या स्वतःच्या घड्याळात ४१. जाण्यायेण्यात गेले ४१ वजा सर्व्हरकडचा १, म्हणजे ४० मिलिसेकंद. जाणं आणि येणं सारखंच धरलं तर एका बाजूला २०. मग क्लायंटचं घड्याळ बरोबर १०० मिलिसेकंद मागे आहे.

पण तेच चार आकडे आणखी एका परिस्थितीत येतात: जायला ३५ लागले, यायला ५, आणि घड्याळ खरं म्हणजे ८५ मिलिसेकंद मागे आहे. पडताळून पाहा: ० अधिक ३५ अधिक ८५ म्हणजे १२०, आणि १२१ अधिक ५ वजा ८५ म्हणजे ४१. चारही आकडे जसेच्या तसे. यातली खरी परिस्थिती कोणती, हे त्या चार आकड्यांवरून कधीही कळू शकत नाही. जाण्यायेण्याच्या वेळेत जो फरक असेल त्याच्या निम्मी चूक घड्याळात उतरते, आणि ती कोणत्याही हुशार सॉफ्टवेअरला दिसत नाही. वरची मर्यादा मात्र पक्की आहे: चूक एकूण फेरीच्या निम्म्याहून, इथे २० मिलिसेकंदांहून, जास्त होणार नाही. म्हणूनच फेरी जितकी छोटी तितकी खात्री मोठी. लॅनवरची फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची असेल तर चूक पाव मिलिसेकंदाच्या आतच राहते.

तुमच्याकडे हे कुठे लागतं? कॅमेऱ्यांचा बॅकअप बाहेर चढत असेल तर इंटरनेटची वर जाणारी बाजू भरलेली, खाली येणारी मोकळी. पाठवलेलं पॅकेट राउटरच्या रांगेत थांबतं, उत्तर झटकन येतं. अशा वेळी इंटरनेटवरून थेट वेळ घेणारं प्रत्येक मशीन काही मिलिसेकंद पुढे ढकललं जातं, आणि बॅकअप थांबला की परत येतं. चाळीस कॉम्प्युटरनी स्वतंत्रपणे बाहेर जाऊ नये, याचं खरं कारण हे आहे. आत एक-दोन मशीननी बाहेरून वेळ घ्यावी आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडून.

इथे एसएनटीपीचा, म्हणजे एनटीपीच्या साध्या रूपाचा उल्लेख. कॅमेरे, पंचिंग मशीन, बरेच पीएलसी हेच वापरतात. पॅकेट तेच, यूडीपीचं १२३ पोर्ट तेच, पण क्लायंट एकाच सर्व्हरला विचारतो, आलेलं उत्तर खरं मानतो आणि घड्याळ तिथे नेऊन ठेवतो. पूर्ण एनटीपी अनेक सर्व्हर तपासतं, खोटं बोलणाऱ्याला वगळतं आणि आपल्या क्रिस्टलची चाल शिकून घेतं. एसएनटीपी वाईट नाही. जवळच्या चांगल्या सर्व्हरकडे बोट दाखवा आणि विचारण्याचं अंतर एका तासावर आणा, काम भागतं. काही कॅमेऱ्यांत ते अंतर २४ तासांचं ठेवलेलं असतं, आणि वरचे साडेतीन सेकंद तिथूनच येतात. कॅमेऱ्यांना एनव्हीआरकडून वेळ द्या आणि एनव्हीआरला तुमच्या सर्व्हरकडून, म्हणजे निदान ३२ कॅमेरे आपसांत एक राहतील.

मांडणी अशी करा. दोन साधी फिजिकल लिनक्स मशीन घ्या, जुने डेस्कटॉपही चालतील, पण व्हर्च्युअल मशीन नको. दोघांवर क्रॉनी हे एनटीपी चालवणारं सॉफ्टवेअर बसवा. जुन्या एनटीपीडीपेक्षा मी क्रॉनीच सुचवेन: ते लवकर स्थिरावतं, नेट तुटलं-जोडलं तरी गडबडत नाही, आणि तापमानाने क्रिस्टलची चाल बदलली की चटकन जुळवून घेतं. बाहेरचे स्रोत म्हणून एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची समय-१ व समय-२ ही सर्व्हर आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं, म्हणजे एनपीएलचं सर्व्हर. भारतीय प्रमाणवेळ एनपीएलच राखते. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी सांधलेल्या सर्व्हरशी मिळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. तेव्हा हा भाग ऐच्छिक नाही.

बाहेरचे स्रोत दोनच कधी देऊ नका. दोघांत फरक पडला तर कोण चुकलं हे ठरवायला तिसरा लागतो, आणि एखादा बंद असताना पण ठरवता यावं म्हणून चौथा. त्यात गूगलचं सर्व्हर मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद) आला की ते तो २४ तासांत पसरून देतं, बाकीचे एका झटक्यात देतात, आणि त्या दिवसभर दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक राहतो.

क्रॉनीच्या फाइलीत प्रत्येक सर्व्हरपुढे ‘आयबर्स्ट’ लिहा, म्हणजे सुरू होताच काही सेकंदांत वेळ मिळते. ‘मेकस्टेप १.० ३’ म्हणजे पहिल्या तीन दुरुस्त्यांत चूक एक सेकंदाहून मोठी असेल तरच घड्याळ उडी मारेल. त्यानंतर ते फक्त हळूहळू सरकवलं जाईल. ही ओळ महत्त्वाची आहे. चालू डेटाबेसखालचं घड्याळ मागे उडालं की नंतरची नोंद आधीची दिसते, आणि अशी गुंतागुंत सोडवायला दिवस जातात. ‘आरटीसीसिंक’ ठेवा, त्याने बॅटरीवालं घड्याळही सुधारत राहतं. आणि ‘अलाऊ’ पुढे तुमच्या लॅनचा पत्ता. ही ओळ नसेल तर क्रॉनी स्वतः वेळ घेतं पण कोणाला देत नाही. ‘सर्व्हर चालू आहे, क्लायंटला मिळत नाही’ या तक्रारीचं पहिलं कारण हेच. दुसरं कारण फायरवॉल: जुन्या नियमांत पॅकेट निघतानाचं पोर्टही १२३ असलं पाहिजे असं असतं, क्रॉनी मात्र निघताना कोणतंही पोर्ट घेतं. बाहेरून आत येणारे १२३ वरचे प्रश्न बंदच ठेवा.

‘क्रॉनीसी सोर्सेस’ चालवा. ज्या ओळीपुढे तारा (*) असेल तो निवडलेला स्रोत, अधिक (+) म्हणजे त्याच्या जोडीला घेतलेला, फुली म्हणजे खोटा ठरवलेला. ‘रीच’च्या रकान्यात ३७७ दिसलं पाहिजे. तो आकडा अष्टमान पद्धतीतला आहे: शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तर आलं, असा त्याचा अर्थ. ३७७ च्या जागी ०, १ किंवा सारखे बदलते आकडे दिसले तर आधी नेटवर्क तपासा, घड्याळाकडे नंतर या.

विंडोजवर उलटी सवय मोडावी लागते. डोमेनमधल्या कॉम्प्युटरवर कोणताही सर्व्हर हाताने लिहू नका. ते आपोआप डोमेन कंट्रोलरकडून, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून, वेळ घेतात. फक्त ज्या कंट्रोलरकडे पीडीसी एम्युलेटरची भूमिका आहे, त्याला वरची क्रॉनीवाली दोन लिनक्स मशीन दाखवा. तो कंट्रोलर व्हर्च्युअल असेल तर यजमानाकडून, म्हणजे ज्या फिजिकल मशीनवर तो चालतो त्याच्याकडून, वेळ घेण्याची सोय बंद करा, नाहीतर यजमान कंट्रोलरकडून वेळ घेतो, कंट्रोलर यजमानाकडून, आणि दोघं मिळून भरकटत जातात. इतर व्हर्च्युअल मशीनलाही हाच नियम: वेळ एकाच वाटेने. स्नॅपशॉटवरून परत उठलेलं मशीन झोपलं तेव्हाच्याच वेळेत असतं, हे ध्यानात ठेवा.

जीपीएसबद्दल. इंटरनेट दिवसभर गेलं तरी वेळ बरोबर हवी असेल, किंवा स्काडाचं नेटवर्क बाहेर जोडायचंच नसेल, तर दोनपैकी एका मशीनला जीपीएस मॉड्यूल लावा. पण त्याच्या सीरियल ओळीवरून आलेल्या वेळेवर विसंबू नका. ९,६०० बॉडला ८० अक्षरांची एक ओळ यायलाच ८३ मिलिसेकंद लागतात आणि ती निघण्याची वेळही डळमळते. खरी वेळ असते पीपीएसच्या तारेवर, दर सेकंदाला एक ठोका. ओळ सांगते सेकंद कोणता, ठोका सांगतो तो नेमका कधी सुरू झाला. दोन्ही लागतात. रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या कॉम्प्युटरवर ही तार थेट पिनला जोडली तर मशीनच्या आतलं घड्याळ काही मायक्रोसेकंदांत बसतं. यूएसबीतून घेतली तर मिलिसेकंदाच्या आसपास डळमळ येते. रास्पबेरी पाय ३ पर्यंतच्या बोर्डांत इथरनेटही यूएसबीमागूनच येतं, म्हणून टाइम सर्व्हरसाठी ४ किंवा त्यापुढचं घ्या. अँटेनाला आकाश मोकळं दिसलं पाहिजे. पत्र्याखाली ठेवून उपयोग नाही. केबलच्या मुळाशी सर्ज अरेस्टर आणि त्याला खरं अर्थिंग द्या. जूनच्या पहिल्या वादळात छतावरचा अँटेनाच आधी जातो, आणि अरेस्टर नसेल तर तो खालचं मशीनही नेतो.

आता पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८. पहिलं मानक २००२ चं, आज प्रचारात असलेली दुसरी आवृत्ती २००८ ची, तिची सुधारणा २०१९ ची. गणित वर दाखवलं तेच आहे, जाणं-येणं सारखं धरणंही तेच. फरक दोन जागी. पॅकेट कधी निघालं-आलं याची नोंद सॉफ्टवेअर नाही, नेटवर्क कार्ड स्वतः करतं. आणि मधला स्विच पॅकेट आपल्याकडे किती थांबलं ते मोजून त्यातच लिहितो, याला ट्रान्स्परंट क्लॉक म्हणतात. किंवा वरून स्वतः वेळ घेऊन खाली नव्याने देतो, ती बाउंडरी क्लॉक. हे कशाला लागतं? १०० एमबीपीएसच्या पोर्टवर कॅमेऱ्याचं १,५०० बाइटचं एक पॅकेट पुढे असलं की मागच्याला १२० मायक्रोसेकंद थांबावं लागतं. पाच पॅकेट पुढे असली तर ६००. साधा स्विच हे थांबणं कोणाला सांगत नाही, आणि मायक्रोसेकंदाचं वचन तिथेच संपतं.

उद्या खरंच पीटीपी घ्यायची वेळ आली तर स्विच विकणाऱ्याला ‘पीटीपी सपोर्ट आहे का’ असं विचारू नका, ‘हो’च म्हणेल. ट्रान्स्परंट की बाउंडरी, नोंद हार्डवेअरमध्ये होते का, आणि प्रोफाइल कोणतं, हे लेखी घ्या. लावताना चुका ठरलेल्या आहेत. एका टोकाला विलंब मोजण्याची एंड-टु-एंड आणि दुसऱ्याला पीअर-टु-पीअर पद्धत असली तर घड्याळ जुळतच नाही. पीटीपीचे डोमेन क्रमांक (यांचा विंडोज डोमेनशी संबंध नाही) वेगळे असले तरी तेच. प्राधान्याचा आकडा सगळ्यांचा मुळात १२८ असतो आणि लहान आकडा जिंकतो. तुमच्या ग्रँडमास्टरचा आकडा कमी केला नाही तर दुसरंच एखादं उपकरण मास्टर होऊन बसू शकतं. लिनक्सवर पीटीपी-फोर-एल फक्त नेटवर्क कार्डावरचं घड्याळ मिळवतं. सिस्टिमचं घड्याळ मिळवायला पीएचसी-टु-सिस वेगळं चालवावं लागतं. ते चालू असताना क्रॉनीलाही तेच घड्याळ ओढू दिलं तर दोघांची ओढाताण होते.

हा सगळा खटाटोप वीज उपकेंद्रात शोभतो. ५० हर्ट्झच्या फेझर मोजणीत (विजेच्या लाटेचा आकार आणि कोन मोजण्यात) १ टक्का चूक होण्यासाठी ३२ मायक्रोसेकंदांचा फरक पुरतो, तिथे एनटीपी चालत नाही. जुन्या उपकेंद्रांत त्यासाठी आयरिग-बी आहे, म्हणजे वेळेसाठी वेगळी तार. भक्कम पद्धत, पण प्रत्येक पॅनलपर्यंत तार ओढावी लागते.

मांडणी झाल्यावरही फरक दिसला तर आधी त्याचा आकडा बघा, बहुतेक वेळा आकडाच दोष सांगतो. बरोबर साडेपाच तास: टाइम झोन. एनटीपी कायम यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच पाठवतं, ५:३० मिळवणं उपकरणाचं काम, ते राहून गेलं किंवा दोनदा झालं. बरोबर ३७ सेकंद: पीटीपी टीएआय या लीप सेकंद न धरणाऱ्या मोजमापावर चालतं आणि १ जानेवारी २०१७ पासून ते यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे, कुणीतरी वजाबाकी विसरलं. बरोबर १८ सेकंद: कच्ची जीपीएस वेळ थेट वापरली गेली. नेमका एक सेकंद: पीपीएसचा ठोका शेजारच्या सेकंदाला चिकटला. साधारण १९ वर्षं ८ महिने मागची तारीख: जुन्या जीपीएस रिसीव्हरचा १,०२४ आठवड्यांचा मोजणारा पुन्हा शून्यावर आला. १९७० किंवा २००० चा जानेवारी: सीआर२०३२ सेल संपला, शंभराच्या आत काम होतं. रोज थोडा थोडा वाढणारा फरक: उपकरण वेळ घेतच नाही. ऑफिसच्या वेळेत येणारा आणि रात्री जाणारा काही मिलिसेकंदांचा फरक: वर सांगितलेली भरलेली लाइन.

शेवटी एक चाचणी करा, शक्यतो मे महिन्यात. शनिवारी संध्याकाळी एकूण एक उपकरणाचा फरक टिपून ठेवा, इंटरनेटची केबल काढा आणि सोमवारी सकाळी परत टिपा. दोन लिनक्स मशीन बाहेरून तुटूनही एकमेकांच्या किती जवळ राहिली, आणि त्यांच्याकडून घेणारे कोण कोण त्यांच्या मागे सुटले, हे त्या दोन रकान्यांत दिसेल. जे सुटले त्यांची सेटिंग आधी बघा. त्यानंतरही पीएलसीच्या नोंदी १ मिलिसेकंदात बसत नसतील तर पीएलसी एनटीपी उत्तराला किती वेळाने दाद देतो ते त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहा. पुष्कळ पीएलसी स्कॅन सायकल, म्हणजे आपल्या प्रोग्रामची एक फेरी, संपल्यावरच नोंदीवर वेळ टाकतात, आणि सायकल २० मिलिसेकंदांची असेल तर कोणताही ग्रँडमास्टर त्या २० चा १ करू शकत नाही. तिथे घटनाक्रम नोंदवणारं, वेळ स्वतः टाकणारं इनपुट कार्ड लागतं. पुरवठादाराकडे दर मागायचाच असेल तर त्या कार्डाचा मागा.